मूठभर धान्याचे भांडवल : कर्मवीर भाऊराव पाटील

कोणतेही सामाजिक कार्य काढायचे म्हटले की पहिला प्रश्न पैशांचा येतो. परंतु हाती पैसा नसताना, केवळ माणसांच्या विश्वासावर खेडोपाडी शाळा उभ्या करता येतात हे ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले, ते म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील. समाजातील परस्पर विश्वासाला आणि एकमेकांसाठी झटण्याच्या वृत्तीला अलीकडे ‘सामाजिक भांडवल’ असे म्हणतात. अण्णांनी तेच भांडवल आयुष्यभर जमवले.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यानंतर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा सहवास लाभला. मॅट्रिक न होताच शिक्षण मात्र सुटले.

पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, ओगले काच कारखान्याचा माल विकला आणि नंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रचार करीत गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. नांगर सुधारला तरी घरातील मूल अडाणी राहिले तर दैन्य हटणार नाही, हे त्यांनी ओळखले. सत्यशोधक विचारांच्या या कार्यकर्त्याने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास आले.

साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. त्या काळी हे धाडसच होते. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

परंतु एवढी तोंडे भरायची कशी? अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी एकेक दागिना दिला, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांना मुले आई मानत, त्या माऊलीचा त्याग संस्थेच्या पायात आहे.

दुसरा आधार ‘मुष्टिफंडा’चा. घरातील बाईने दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करून वसतिगृहात आणायचे, अशी ही साधी पद्धत. एका मुठीने कोणाचे घर बुडत नाही. पण रोज मूठ काढणाऱ्या घराला ती शाळा आपली वाटू लागते. श्रीमंताची एकरकमी देणगी मिळाली असती तर धान्य आले असते, हे नाते जुळले नसते. मुलांनीही फुकट खायचे नाही, शेतात व बांधकामावर राबायचे, हा दंडक होता. यातूनच ‘कमवा आणि शिका’ योजना आकारास आली.

या भांडवलाची कसोटी १९४८ मध्ये लागली. अण्णांनी सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचे अनुदान बंद झाले. अण्णा झुकले नाहीत. लोकांनी संस्था सांभाळली. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला सुरू झालेल्या महाविद्यालयास गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले.

१९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण किताब आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. पदवी मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. मॅट्रिक न झालेल्या या माणसाच्या नावाने २०२१ मध्ये साताऱ्यात विद्यापीठ स्थापन झाले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. आज त्याच्या पारंब्या शेकडो शाळा-महाविद्यालयांच्या रूपाने जमिनीत रुजल्या आहेत.

अण्णांची जयंती बहुधा गणेशोत्सवाच्या आगेमागेच येते. मुलखापासून दूर, बदलीच्या नोकरीत आपण जे मंडळ चालवतो तेही अशाच मुठीमुठीवर उभे आहे. म्हणून वर्गणीला निघताना पावतीपुस्तकातील एकूण रकमेबरोबरच घरांची संख्याही मोजावी. एका मोठ्या देणगीपेक्षा शंभर घरांच्या लहान वर्गण्या मंडळ अधिक काळ टिकवतील. पंगतीत आपले तेलुगू, बंगाली, हिंदीभाषक सहकारी आपल्याशेजारी बसावेत आणि वाढायलाही उभे राहावेत. अण्णांचे स्मरण करायचे तर ते असेच करावे.

कर्मवीर अण्णांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!