घरच्या गॅरेजात बनलेल्या गाडीनं ड्युकाटीला घाम फोडला, ती बनवणारा जॉन ब्रिटन कोण होता?

आपल्याकडच्या बुलेट ३५० ची ताकद साधारण २० हॉर्सपॉवर आणि वजन १९५ किलोच्या आसपास. आता अशी एक गाडी डोळ्यांसमोर आणा, जिची ताकद १६६ हॉर्सपॉवर, वजन फक्त १३८ किलो आणि टॉप स्पीड ताशी ३०० किलोमीटरच्या वर. ही गाडी ना जपानच्या कंपनीनं बनवली, ना इटलीच्या. ती बनवली न्यूझीलंडच्या एका माणसानं, मोजक्या मित्रांना हाताशी धरून, घरच्या गॅरेजात. गाडीचं नाव ब्रिटन व्ही १०००, आणि त्या माणसाचं नाव जॉन ब्रिटन.

जॉनचा जन्म १ ऑगस्ट १९५० चा, गाव ख्राइस्टचर्च. त्याला डिस्लेक्सिया होता, म्हणजे लिहिणं-वाचणं अवघड जायचं. पण हात मात्र जादूचे. नोकरी करत रात्रशाळेतून तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला. पुढे काचेचे कलात्मक दिवे बनवले, मालमत्तेचा धंदा केला. डोक्यात मात्र कायम रेसिंगच्या गाड्या.

बाजारातली इंजिनं आणून बसवली, तर ती सारखी दगा द्यायची. शेवटी त्यानं इंजिनच स्वतः बनवायला घेतलं. ९९९ सीसीचं, दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन. तापलेले सुटे भाग पक्के करायला मातीची भांडी भाजायची भट्टी वापरली. बॉडीचा आकार ठरवला तो तारा वाकवून आणि गोंदानं चिकटवून.

आता गाडीत वेगळं काय होतं, ते बघू.

पहिली गोष्ट, चेसिसच नाही. इंजिन हाच गाडीचा कणा. पुढचं-मागचं सगळं थेट इंजिनाला जोडलेलं, त्यामुळे फ्रेमचं वजन वाचलं.

दुसरी, रेडिएटर. तो सहसा पुढच्या चाकामागे असतो. जॉननं तो सीटखाली नेला आणि पुढून हवा आत घेऊन तिथपर्यंत पोचवली. गाडी अंगानं सडपातळ झाली, हवेचा अडथळा घटला.

तिसरी, पुढचं सस्पेन्शन. करकचून ब्रेक लावला की साध्या फोर्कची गाडी नाक खाली घालते. जॉननं नेहमीचा फोर्क काढून कार्बन फायबरचं गर्डर पद्धतीचं सस्पेन्शन बसवलं, त्यानं हे झुकणं आटोक्यात आलं. चाकंसुद्धा कार्बन फायबरची. चाक हलकं असलं की गाडी पटकन वळते आणि पटकन वेग पकडते.

१९९२ साली ही निळी-गुलाबी गाडी अमेरिकेतल्या डेटोनाच्या ट्रॅकवर उतरली. अँड्र्यू स्ट्राउड चालवत होता, समोर ड्युकाटी. स्ट्राउडनं ड्युकाटीला मागे टाकलं तेव्हा लोक बघतच राहिले. पण शर्यत संपायच्या आत गाडी बंद पडली. जॉननं घडवलेलं इंजिन ठणठणीत होतं. फेल झाला तो विजेच्या यंत्रणेतला छोटा भाग, तोही बाहेरून विकत आणलेला.

दोन वर्षांनी, १९९४ ला, स्ट्राउडनं त्याच डेटोनात त्याच गाडीवर शर्यत मारली. ब्रिटनच्या गाडीनं वेगाचे जागतिक विक्रमही केले. पण त्याच वर्षी या वेडाची दुसरी बाजूही दिसली. आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीच्या सरावात ब्रिटन चालवणारा रायडर मार्क फार्मर अपघातात गेला.

१९९५ हे ब्रिटनचं सगळ्यात मोठं वर्ष. बेअर्स या जागतिक मालिकेत पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर ब्रिटनच्या गाड्यांनी पटकावले. पण जॉनकडे वेळ उरला नव्हता. त्वचेच्या कॅन्सरनं ५ सप्टेंबर १९९५ ला तो गेला. वय अवघं ४५. मागे बायको आणि तीन लहान मुलं.

व्ही १००० एकूण फक्त १० बनल्या. त्यातली एक आज वेलिंग्टनच्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. मोठ्या कंपन्यांकडे पैसा होता, कारखाने होते, इंजिनिअरांची फौज होती. जॉनकडे होतं एक गॅरेज. आणि गाडी अशीच का बनवायची, हा प्रश्न प्रत्येक भागाला विचारायची सवय.