विश्लेषण : ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या अपघातातून हेल्मेटसक्तीपर्यंत... कोण होते डॉ. ह्यू केर्न्स?

दुचाकीवर बाबांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पुढे उभ्या असलेल्या मुलाचे डोके उघडे, हे दृश्य आपल्याकडे रोजचे आहे. हेल्मेटमुळे जीव वाचतो, हे आज कोणी नाकारत नाही. मात्र ही गोष्ट आकडेवारीनिशी मांडण्यासाठी एका मेंदूशल्यचिकित्सकाला अनेक वर्षे खर्ची घालावी लागली.

केर्न्स कोण होते?

ह्यू केर्न्स यांचा जन्म 1896 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात झाला. ॲडलेडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. पुढे अमेरिकेत बोस्टन येथे हार्वी कुशिंग यांच्याकडे त्यांनी मेंदूशस्त्रक्रियेचे धडे गिरवले. 1937 मध्ये ते ऑक्सफर्ड विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

1935 मध्ये काय घडले?

13 मे 1935 रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून घरी परतत होते. रस्त्याच्या उतारामुळे पुढे सायकलवर चाललेली दोन मुले त्यांना वेळेत दिसली नाहीत. मुलांना वाचवण्याच्या प्रयत्नात त्यांचा ताबा सुटला. मुले वाचली, पण लॉरेन्स यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी, वयाच्या 46 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये केर्न्स होते.

आकडेवारीतून काय दिसले?

दुसऱ्या महायुद्धात केर्न्स यांच्याकडे डोक्याला मार लागलेले सैनिक येऊ लागले. त्यांत मोटारसायकलवरून निरोप पोहोचवणारेही होते. त्यांनी नोंदी तपासल्या. युद्धापूर्वीच्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर 1,884 मोटारसायकलस्वार आणि सहप्रवासी दगावले होते. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत हा आकडा 2,279 वर गेला. हेल्मेट घातलेले अवघे सात जखमी त्यांच्या पाहण्यात आले आणि सातही जण बचावले होते. नमुना लहान होता, पण दिशा स्पष्ट होती. 1941 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने कामावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर मृत्यू घटत गेल्याचे त्यांनी 1946 मध्ये दाखवून दिले.

मग सर्वांसाठी सक्ती केव्हा झाली?

ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना सक्ती झाली 1973 मध्ये, म्हणजे पहिल्या निष्कर्षांनंतर 32 वर्षांनी. ते पाहायला केर्न्स हयात नव्हते. 1952 मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

हेल्मेट नेमके काय करते?

डोके रस्त्यावर आदळते तेव्हा ते क्षणार्धात थांबते. हेल्मेटचे आतले अस्तर दबते, त्यामुळे थांबण्याचा कालावधी किंचित वाढतो आणि कवटीवर येणारे बल कमी होते. बाहेरचे कवच तोच मार मोठ्या भागावर पसरवते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणूनच ‘जवळच तर जायचंय’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. सैल किंवा पट्टा न लावलेले हेल्मेट तर आदळण्याआधीच निसटते.

आपल्याकडे मुलांसाठी नियम काय?

• दुचाकीवर चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे.
• नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी मापाचे हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा हवा. वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त नको.
• मोटारीत 14 वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसन नसेल, तर 1,000 रुपये दंड आहे.
• सायकल मोटार वाहन कायद्यात येत नाही. तिथे जबाबदारी पालकांचीच.

मुलाला सवय लावायची तर पहिल्या फेरीपासूनच लावावी. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर बसले आहे, पट्टा हनुवटीखाली घट्ट आहे आणि मान हलवल्यावर ते सरकत नाही, एवढे तीनच मुद्दे त्याला स्वतः तपासायला शिकवा. एकदा जोरात आदळलेले हेल्मेट मात्र वरून धड दिसले तरी बदलायलाच हवे.