पृथ्वीला फिरताना दाखविणारे लेआँ फूको

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आज प्राथमिक शाळेतील मूलही सांगते. मात्र खोलीची दारे-खिडक्या बंद करून घ्या आणि सूर्य, चंद्र, तारे यांपैकी कशाकडेही न पाहता ती फिरत असल्याचे दाखवून द्या, असे कोणी म्हटले, तर भल्याभल्यांची पंचाईत होईल. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीनशे वर्षे युरोपातील विद्वानांची हीच पंचाईत होती. पृथ्वीचे परिवलन गणिताने मान्य केले होते. उंचावरून सोडलेला गोळा किंचित पूर्वेकडे पडतो काय, हे तपासणारे प्रयोगही झाले होते. परंतु तो फरक इतका सूक्ष्म, की सामान्य माणसाला त्यातून काही दिसावे असे नव्हते. ही कोंडी १८५१ मध्ये फोडली ती लेआँ फूको या एकतीस वर्षांच्या गृहस्थाने. तो ना प्राध्यापक होता, ना गणिती. वैद्यकीचे शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडले होते आणि एका दैनिकात विज्ञानाचे वृत्तान्त लिहिणे हा त्याचा व्यवसाय होता.

फूको यांचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पुस्तक-प्रकाशक होते. ते लवकर वारले आणि नाजूक प्रकृतीच्या या मुलाला आईने वाढविले. शाळेत मुलाची चमक दिसली नाही. शिकवण्या लावूनच त्याचे शिक्षण पुरे करावे लागले. हाताचे कसब मात्र विलक्षण. लहान होडी, वाफेचे छोटे यंत्र अशा वस्तू तो घरी स्वतः घडवीत असे. एवढे कुशल हात शस्त्रवैद्याला शोभतील, असे घरच्यांना वाटले असल्यास नवल नाही. फूको यांनी वैद्यकीच्या अभ्यासाला सुरुवातही केली. पण रक्त पाहणे त्यांना सोसेना. तो मार्ग सुटला. तेथेच सूक्ष्मदर्शकाचे वर्ग घेणारे आल्फ्रेद दोने यांनी त्यांना साहाय्यक म्हणून जवळ केले आणि पुढे १८४५ मध्ये ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकातील आपले विज्ञानलेखनाचे कामही त्यांच्याकडे सोपविले. अकादमीत दर आठवड्याला काय घडले, हे वाचकांना सोप्या भाषेत सांगण्याचे हे काम होते. त्यांची लेखणी प्रसंगी बोचरी होई. ज्या विद्वानांच्या पंक्तीला आपल्याला उद्या बसावयाचे आहे, त्यांच्यावरच टीका लिहिणे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते, हे उघड आहे.

छायाचित्रणाच्या नव्या कलेने त्यांची आणखी एका माणसाशी गाठ घालून दिली. इपोलीत फिझो हेही वैद्यकी सोडून आलेले. दोघांनी मिळून १८४५ मध्ये सूर्याचे छायाचित्र घेतले. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि मैत्रीची जागा चुरशीने घेतली. विषय होता प्रकाशाचा वेग. फिझो यांनी १८४९ मध्ये ७२० दात्यांचे चाक फिरवून, आठ किलोमीटरांहून अधिक अंतरावरील आरशावरून परतणारा प्रकाशकिरण दात्यांच्या फटींतून पाहिला व वेग काढला. फूको यांनी चाकाऐवजी आरसाच फिरविला. यातील युक्ती साधी आहे. फिरत्या आरशावरून निघालेला किरण दूरच्या स्थिर आरशावर जाऊन परत येतो, तेवढ्या क्षणार्धात फिरता आरसा किंचित वळलेला असतो. म्हणून परतलेला किरण मूळ वाटेने न जाता थोडा बाजूला सरकतो. तो किती सरकला हे मोजले, की वेग कळतो. अडचण एवढीच, की आरसा अतोनात जोराने फिरला पाहिजे. छोट्या वाफेच्या टर्बाइनच्या साहाय्याने फूको यांनी तो सेकंदाला ८०० फेऱ्यांपर्यंत नेला. आपल्या स्वयंपाकघरातील मिक्सरचे पाते सेकंदाला तीनशेच्या आसपास फेऱ्या घेते, यावरून त्या वेगाची कल्पना यावी. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा कमी असतो, हे १८५० च्या वसंत ऋतूत त्यांनी फिझो यांच्या आधी दाखवून दिले. प्रकाश म्हणजे कणांचा मारा, हे मत त्यामुळे पार लंगडे पडले. पुढे १८५३ मध्ये याच कामावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

लंबकाची कल्पना मात्र पुस्तकातून आली नाही. ती आली लेथवर काम करताना. लेथच्या फिरत्या चकात पोलादाची एक लांब लवचीक कांब बसविलेली होती. तिला टिचकी मारून हेलकावे दिले आणि चक फिरविला, तर कांब चकाबरोबर फिरते. तिचे हेलकावे मात्र ज्या दिशेत सुरू झाले, त्याच दिशेत चालू राहतात. हे पाहणारे कारागीर शेकड्यांनी असतील. फूको यांच्या मनात आले, की चकाच्या जागी पृथ्वी आणि कांबेच्या जागी लंबक धरला तर? लंबकाला टांगणारे छत पृथ्वीबरोबर वळेल, लंबक आपली दिशा सोडणार नाही आणि खाली उभ्या असलेल्या आपल्याला, जे स्वतः पृथ्वीबरोबर वळत आहेत, त्यांना लंबकच हळूहळू वळताना दिसेल.

आईसोबत ते ज्या घरात राहत होते, त्याच्या तळघरात त्यांनी दोन मीटर तारेला पाच किलो वजनाचा पितळी गोळा टांगला. पहिल्या प्रयत्नात तार तुटली. गोळा हाताने सोडला तर हाताचा हिसका त्याला लागतो, म्हणून तो दोऱ्याने एका बाजूला बांधून ठेवायचा आणि तो दोरा जाळायचा, अशी त्यांनी सोय केली. जानेवारी १८५१ मधील एका रात्री दोन वाजता लंबकाचा रोख वळलेला त्यांना स्पष्ट दिसला. वेधशाळेचे प्रमुख फ्रांस्वा अरागो यांनी तेथील दालन दिले. ११ मीटरांच्या तारेवर हा प्रयोग होऊन ३ फेब्रुवारीला अकादमीपुढे निवेदन मांडले गेले आणि पॅरिसमधील शास्त्रज्ञांना पृथ्वी फिरताना पाहण्याचे रीतसर निमंत्रण गेले. राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन यांच्या आदेशावरून मार्चमध्ये पँथिऑनच्या भव्य घुमटातून ६७ मीटर तार सोडण्यात आली. तिच्या टोकाला २८ किलोंचा गोळा आणि गोळ्याखाली एक टोकदार काटा होता. सुमारे सोळा सेकंदांच्या प्रत्येक आंदोलनानंतर वाळूच्या बांधावरील खूण दोन-अडीच मिलिमीटर सरकलेली दिसे. लोकांच्या झुंडीच्या झुंडी लोटल्या. पॅरिसची ती गर्दी उभी राहून, गणिताची एक ओळही न वाचता, आपल्या पायांखालची जमीन वळताना पाहत होती.

गणितज्ञांची स्थिती मात्र अवघडल्यासारखी झाली. पृथ्वीच्या परिवलनाचा लंबकावर जाणवण्याजोगा परिणाम होणार नाही, असा निर्वाळा थोर गणिती प्वासाँ यांनी काही वर्षांपूर्वीच दिला होता. आता फूको यांनी लंबक फिरवून तर दाखविलाच, पण त्याचा नियमही सांगून टाकला. ध्रुवावर लंबकाचा रोख एका दिवसात पूर्ण फिरतो, विषुववृत्तावर मुळीच फिरत नाही आणि मधल्या ठिकाणी तो अक्षांशाच्या ‘साइन’च्या प्रमाणात फिरतो. सिद्धता त्यांनी दिली नाही. ती देण्याइतके गणित त्यांच्याकडे नव्हते. मग सिद्धतांचा नुसता पाऊस पडला. पॅरिसमध्ये एका फेरीला जवळजवळ ३२ तास लागतात, पुण्यात सुमारे ७५. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत असा लंबक आहे. २०२३ मध्ये उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनातही एक टांगलेला आहे. तेथे सुमारे ५० तासांत फेरी होते. पँथिऑनमधील मूळ प्रयोग फार काळ टिकला नाही. डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियन यांनी सत्ता बळकावली, ती वास्तू पुन्हा चर्चकडे गेली आणि लंबक उतरला.

‘साइन’चा नियम समजण्यास कठीण, हे फूको यांना ठाऊक होते. त्यातून सुटका म्हणून १८५२ मध्ये त्यांनी लंबक सोडून भोवऱ्याचा आधार घेतला. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा आरीवर उभा का राहतो? जोराने फिरणारी वस्तू आपल्या अक्षाचा रोख सहजासहजी बदलू देत नाही. सायकलचे सुटे चाक आसाला दोन्ही हातांनी धरून कोणाकडून जोरात फिरवून घ्यावे आणि मग आस कलविण्याचा प्रयत्न करावा. चाक हाताला झोंबते आणि आपण ढकलू त्या दिशेला न जाता भलत्याच बाजूला वळते. (धावती सायकल केवळ याच कारणाने पडत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. या परिणामाचा थोडा हातभार लागतो, एवढेच.) फूको यांनी जड कडेची चकती एकात एक बसविलेल्या कड्यांमध्ये अशी तोलली, की आधार कसाही वळला तरी अक्षाला धक्का पोहोचू नये. यंत्रकार फ्रोमाँ यांनी ती घडविली. अशा रचनेचे एक यंत्र जर्मनीत बोनेनबर्गर यांनी १८१७ मध्ये केले होते; पण त्यातून पृथ्वीचे परिवलन पाहावे, हे फूको यांचे. यंत्राला ‘जायरोस्कोप’ हे नावही त्यांनीच ग्रीक शब्दांवरून दिले. चकती दहाएक मिनिटेच पुरेशा वेगाने फिरे आणि तेवढ्या वेळात पृथ्वी अडीच अंश वळते. म्हणून अक्षाचे सरकणे सूक्ष्मदर्शकातून पाहावे लागे. अक्षाला एका प्रतलातच मोकळीक ठेवली तर तो उत्तरेकडे वळू पाहतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. चकती विजेवर अखंड फिरविणे साधले तेव्हा, विसाव्या शतकाच्या आरंभी, याच तत्त्वावर जहाजांचे होकायंत्र तयार झाले. आजच्या मोबाइलमधील जायरोस्कोपमध्ये चाक नसते. त्यात एक अतिसूक्ष्म भाग कंप पावत असतो. म्हणजे तो लेथवरच्या त्या कांबेचाच वंशज.

फिरणाऱ्या वस्तूंनी त्यांना पुढेही सोडले नाही. १८५५ मध्ये त्यांनी तांब्याची चकती विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरविली. चुंबकात वीज सोडताच चकती जड होते आणि जबरदस्तीने फिरवीत राहिल्यास तापते, हे त्यांना दिसले. धातूत निर्माण होणारे हे आवर्त प्रवाह अनेक भाषांत फूको यांच्या नावाने ओळखले जातात. घरोघरच्या जुन्या वीजमीटरमधील ॲल्युमिनियमची चकती चुंबकाने काबूत ठेवली जाई, ती याच प्रवाहांमुळे. आणि इंडक्शन शेगडीवर भांडे तापते, तेही मुख्यतः त्यांच्यामुळेच. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले आणि पॅरिसच्या वेधशाळेत, तिसरा नेपोलियन झालेल्या त्यांच्या आश्रयदात्याच्या कृपेने, भौतिकीतज्ज्ञाची जागा मिळाली. तेथे त्यांनी काचेवर चांदीचा मुलामा दिलेले दुर्बिणीचे आरसे आणि ते तपासण्याची सुबक रीत शोधली. ती रीत हौशी दुर्बीणकार आजही वापरतात.

१८६२ मध्ये ते फिरत्या आरशाकडे परतले. या वेळी आरसा हवेच्या झोताने सेकंदाला ४०० फेऱ्या घेत होता. झोत थोडाही कमी-जास्त झाला तर मोजणी वाया जाणार. म्हणून भाता बनवून घेतला तो ऑर्गन बांधणाऱ्या काव्हाये-कोल यांच्याकडून. चर्चमध्ये स्वर स्थिर ठेवणारी विद्या येथे प्रकाशाच्या कामी आली. आरशाचा वेग तपासण्यासाठी त्यांनी घड्याळाच्या यंत्रणेने सेकंदाला एक फेरी घेणारे ४०० दात्यांचे चाक किरणाच्या वाटेत ठेवले. आरशाचे झबके आणि दाते यांचा मेळ जमला, की चाक थांबल्यासारखे दिसे. सिनेमात धावत्या गाडीचे चाक मध्येच स्थिर भासते, तसे. प्रयोगशाळेतील २० मीटरांच्या वाटेवर, ०.७ मिलिमीटरांच्या विचलनावरून त्यांनी उत्तर काढले : सेकंदाला २,९८,००० किलोमीटर. आज मान्य असलेल्या आकड्याहून ते एक टक्काही दूर नाही.

एवढे सारे होऊनही अकादमीचे दार त्यांच्यासाठी लवकर उघडले नाही. निवडणुकीत त्यांचे नाव एकापेक्षा अधिक वेळा मागे पडले. फिझो १८६० मध्येच सदस्य झाले होते. फूको यांना हा मान १८६५ मध्ये मिळाला, तोही यंत्रशास्त्राच्या विभागात. शेवटची वर्षे त्यांनी यंत्रांचा फिरण्याचा वेग एकसारखा राखणाऱ्या नियामकांवर घालविली आणि त्यांचे पेटंटही घेतले. १८६७ मध्ये त्यांच्या हातापायांतील बळ जाऊ लागले आणि वाचाही अडखळू लागली. ज्या हातांच्या भरवशावर सारे काही केले, ते हातच निकामी झाले. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे विखुरलेले लेख एकत्र करून १८७८ मध्ये त्यांच्या संशोधनाचा संग्रह प्रसिद्ध झाला. तो प्रकाशित केला त्यांच्या आईने.