वस्ताद लहुजी साळवे

आपल्या भोरशेजारच्या पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी १४ नोव्हेंबर १७९४ रोजी लहुजी वस्तादांचा जन्म झाला. वडील राघोजी १८१७ साली खडकीच्या लढाईत कामी आले. पुढे लहुजींनी पुण्यात तालीम काढली. कुस्ती, तलवार, दांडपट्टा सगळं ते शिकवायचे. दांडपट्टा फिरू लागला की जवळ कुणी फिरकत नाही, मारावं लागतच नाही! जोतीराव फुले याच तालमीत तयार झाले.

१८४८ साली जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की काही लोक शेण, चिखल फेकत. त्या दुसरं लुगडं सोबत नेत, पण शाळा चुकवत नसत. तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तालमीतली पोरं राखणीला दिली. मुलांना शाळेत धाडा, असं वस्तीतल्या लोकांना सांगितलं. मला हेच फार आवडतं. एवढी ताकद, पण ती शाळेच्या कामी लावली.

माझी बहीण दुसरीत आहे. वाटेत मोठी मुलं तिचं दप्तर ओढायची. ती शाळेला यायला रडायची. गुरुजींना सांगितलं. आता आम्ही चौघं तिच्या दोन्ही बाजूंनी चालतो. मारत नाही, शिवी देत नाही, पण मान खाली घालत नाही. दप्तर ओढणं थांबलं आहे.

लहुजी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी वारले. पुण्यात संगमवाडीला त्यांची समाधी आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे त्यांच्याच नात्यातली. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.