हिजली ते पवई

बदलापूरहून लोकल पकडावी, अंबरनाथ, उल्हासनगर मागे टाकावे, ठाण्याला गाडी बदलून कांजूरमार्गला उतरावे. तेथून पवईची आय. आय. टी. जवळच. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर काम करीत. या मार्गाने ते कितीदा तरी गेले-आले, पण त्या फाटकाच्या आत कधी गेले नाहीत. पवईची पायाभरणी ज्यांनी केली, त्या पंडित जवाहरलाल नेहरूंच्या चरित्राकडे म्हणूनच मी वेगळ्या कुतूहलाने पाहते.

१४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबादला जन्मलेल्या जवाहरलालांनी केंब्रिजला निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि पुढे ते बॅरिस्टर झाले. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. आयुष्यातील सुमारे नऊ वर्षे त्यांनी तुरुंगात काढली; १९४२ नंतरचा बराच काळ आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात. १९२७ साली त्यांनी मॉस्को पाहिले. १९३८ मध्ये ते काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीचे अध्यक्ष झाले. विज्ञान आणि यंत्र यांवाचून देशाचे दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची खूणगाठ पक्की झाली होती.

उच्च तंत्रशिक्षणाच्या चार संस्था काढाव्यात ही शिफारस नलिनीरंजन सरकार समितीची. तिला मूर्त रूप आले ते नेहरूंच्या कारकीर्दीत. पहिली संस्था १९५१ मध्ये खरगपूरला, हिजलीच्या बंदिशाळेच्या इमारतीत सुरू झाली. याच बंदिशाळेत १९३१ साली गोळीबारात दोन राजबंदी बळी पडले होते. लष्करी छावणीतून निर्वासितांचे उल्हासनगर उभे राहिलेले पाहणाऱ्या आपल्याला या स्थित्यंतराचा अर्थ सांगायला नको.

इमारत मिळाली, पण प्रयोगशाळा व अध्यापक कोठून आणायचे? जग तेव्हा दोन गटांत विभागले होते. नेहरू कोणत्याही गटात गेले नाहीत आणि मदत मात्र सर्वांकडून घेतली. मद्रासला पश्चिम जर्मनीने, कानपूरला अमेरिकेतील नऊ विद्यापीठांनी, दिल्लीला ब्रिटनने हात दिला. मुंबईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची मदत आली. २५ जुलै १९५८ रोजी वरळीत, दुसऱ्या एका संस्थेच्या इमारतीत, १०० विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू झाले. १० मार्च १९५९ रोजी नेहरूंनी पवईला कोनशिला बसवली. पुढे एकूण ५९ रशियन तज्ज्ञ येथे आले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपल्या अध्यापकांना रशियात प्रशिक्षणासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. पाहुणे परतले, पण शिकवणारे येथेच तयार झाले. खरे सहकार्य हेच, असे मला वाटते.

तरीही एक शल्य उरते. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट संविधानाने घातले होते. ते नेहरूंच्या हयातीत पुरे झाले नाही. कळस चढला, पण पाया अपुराच राहिला. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले. त्यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येतो असे मी म्हणत नाही. पण लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या मुलांना अंबरनाथहून पवई अजूनही लांबच वाटते. ते अंतर तोडण्याचे काम आता आपल्या पिढीचे आहे.