अकरमन नावाचा प्रकाशक

थिअरी ऑफ मशीन्सच्या व्हायवात अकरमन हटकून भेटतो. बहुतेकांना वाटतं, हा कुणी मेकॅनिकल इंजिनिअर असणार. तर मित्रांनो, नाही! रुडॉल्फ अकरमन लंडनमध्ये चित्रं नि पुस्तकं विकायचा.

जन्म १७६४ चा, जर्मनीतल्या सॅक्सनीतला. वडील खोगीर बनवायचे. पोरगाही तेच शिकला, मग बग्ग्यांची डिझाइनं काढू लागला. लंडनला येऊन १७९५ मध्ये स्ट्रँड रस्त्यावर त्याने चित्रांचं दुकान थाटलं. १८०९ पासून मासिक काढलं, ते वीसेक वर्षं चाललं. नेल्सनच्या अंत्ययात्रेच्या रथाचं कामही त्याच्याकडेच होतं. पण बग्गीचं वेड काही सुटलं नाही.

तेव्हा बग्गीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. वळण जास्त घेतलं की आधार अरुंद व्हायचा नि गाडी कलंडायची भीती. म्युनिकचा बग्गी-कारागीर गेओर्ग लँकेनस्पर्गर याने आस पक्का ठेवून दोन्ही चाकांना स्वतंत्र खिळे दिले. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते जास्त वळायला हवं. अकरमनने १८१८ मध्ये त्याचा एजंट म्हणून इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. डोकं एकाचं, नाव दुसऱ्याचं! अकरमनने पुस्तिका छापून प्रचार केला, पण बग्गीवाल्यांनी फारशी दाद दिली नाही. १८३४ मध्ये तो वारला.

आता ट्रकच्या पुढच्या ॲक्सलखाली वाकून बघा. तोच पक्का आस, तेच दोन खिळे, म्हणजे आपले किंगपिन, आणि त्यांना जोडणारा टाय रॉड. स्टिअरिंग आर्म वाकला किंवा टाय रॉडची लांबी चुकली की चाकं फरफटतात, गाडी टायर खायला लागते. ट्रेडवर तळवा आडवा फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना धारदार लागलं, तर टो बिघडलाय. जागोजागी खळगे पडले असतील तर नुसतं अलाइनमेंट करून भागत नाही. किंगपिनचे बुश, बेअरिंग, शॉकॲब्जॉर्बर तपासा. ॲक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. (दोन्ही कडा सारख्याच झिजल्या असतील तर आधी हवा बघा, उगाच बुश काढत बसू नका.)

कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीला तीनच चाकं होती, कारण पुढच्या दोन चाकांच्या स्टिअरिंगचं कोडं त्याला सुटलं नव्हतं. दोन खिळ्यांच्या स्टिअरिंगचं त्याचं पेटंट १८९३ चं, म्हणजे अकरमनच्या पेटंटनंतर पंचाहत्तर वर्षांनी. मधल्या काळात, १८७८ मध्ये, पॅरिसच्या जाँतोने आर्मच्या रेषा मागच्या ॲक्सलच्या मध्यावर मिळवायची युक्ती काढली. लँकेनस्पर्गरचं नाव मात्र सिलॅबसमध्ये नाही. एक्स्टर्नलसमोर घेऊन बघा, चेहरा बघण्यासारखा होईल.