श्रमिकांचा बॅरिस्टर

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, रानाने वेढलेल्या मुलखात चिचगड हे गाव आहे. उन्हाळा चढू लागला की या भागातील माणसे पहाटे रानात शिरतात, तेंदूची पाने खुडतात, घरी आणून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या ठिकाणी, नेऊन देतात. मजुरी मिळते ती शेकडा पुड्यांच्या हिशेबाने. याच पानाची विडी गोंदिया, तिरोडा, भंडारा या बाजूस पिढ्यान् पिढ्या घराघरांच्या ओसरीवर वळली जात आली आहे. या श्रमाला ना फाटक, ना भोंगा, ना हजेरीपट. मालक कोण, हे पुष्कळदा मजुरालाही नीटसे सांगता येत नाही. अशा माणसांचा आणि मुंबई हायकोर्टातील एका बॅरिस्टराचा संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. तो संबंध होता, आणि आजही आहे. तो समजून घ्यावयाचा तर डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या चरित्रातील एका उपेक्षित भागाकडे वळले पाहिजे.

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांना सारा देश ओळखतो. महाडचे तळे आणि नागपूरची दीक्षाभूमी यांची नावेही सर्वांच्या ओठी असतात. परंतु मजुरांच्या कायद्याचा जाणता वकील, त्या कायद्यांचा कर्ता आणि प्रसंगी कठोर टीकाकार, ही त्यांची ओळख सुशिक्षित समाजात मागेच राहिली. वास्तविक त्यांचे तारुण्य गेले ते मजुरांच्याच वस्तीत. परळच्या चाळीत, गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्यांचा दिवस उगवे आणि मावळे अशा लोकांच्या शेजारी ते वाढले, आणि कोलंबिया व लंडन येथील पदव्या घेऊन परतल्यावरही पुष्कळ वर्षे तेथेच राहिले. १९२३ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिलीस आरंभ केला. सॉलिसिटरांच्या ओळखीवर चालणाऱ्या त्या व्यवसायात अस्पृश्य बॅरिस्टराकडे मोठी कामे येणे कठीणच होते. संसार चालावा म्हणून त्यांनी व्यापारी कायद्याचे अध्यापन केले. १९२८ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये त्याच संस्थेचे प्राचार्य. त्यांच्या दाराशी येणारे अशील बहुधा गरीबच असत. करारनाम्याचा कायदा शिकविणाऱ्या या प्राध्यापकाला एक गोष्ट पुस्तकाबाहेर शिकावयास मिळाली: पोट ज्याच्या हाती गहाण पडले आहे त्याच्याशी केलेला करार हा कागदावर दोन स्वतंत्र माणसांचा दिसला, तरी प्रत्यक्षात तो एकाच्याच मर्जीचा असतो.

मर्जीच्या जागी लिहिलेला नियम आणणे हेच त्यांच्या पुढील सर्व मजूरविषयक कार्याचे सूत्र होय. त्यांच्या पावलांचा मागोवा घेतला म्हणजे ते स्पष्ट दिसते.

१९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी त्यांनी एक अप्रिय प्रश्न उभा केला. विणाई खात्यात मजुरी अधिक होती. पण तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि विटाळाची कल्पना आड येई. ही आडकाठी मालकाने घातलेली नव्हती. ती सोबतच्या कामगारांची होती. संपाच्या पुढाऱ्यांपुढे बाबासाहेबांनी हे गाऱ्हाणे मांडले. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी हाच धागा पुढे नेला. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच का राहतो, त्याला पोर्टर का होता येत नाही, याचे उत्तर स्टेशनमास्तरच्या घरकामात दडले आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पोर्टरला ते घरकामही करावे लागे, आणि तेथे विटाळ आडवा येई. भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, असे त्यांनी तेथे सांगितले. त्यातील दुसऱ्या शब्दाने त्यांना एका जातीवर रोख धरावयाचा नव्हता. समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, मग ती कोणत्याही जातीत असो, त्यांना अभिप्रेत होती. कामगारांच्या एकीवर व्याख्याने देणाऱ्या तत्कालीन पुष्कळ पुढाऱ्यांना हे बोलणे रुचले नाही. पण फुटलेल्या भिंतीला चुना लावून ती सांधत नाही, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत होते.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढल्या वर्षी मुंबईच्या विधिमंडळात प्रवेश केला. कोकणातील खोती नष्ट करणारे विधेयक त्यांनी १९३७ मध्ये मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. परंतु वकील म्हणून त्यांची खरी कसोटी लागली ती १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकावर. खेर मंत्रिमंडळाने आणलेल्या या विधेयकात तडजोडीची प्रक्रिया संपण्यापूर्वी केलेला संप बेकायदा ठरवून त्यासाठी शिक्षा सांगितली होती. बाबासाहेबांनी त्याचा प्रतिवाद केला तो घोषणांनी नव्हे, दिवाणी आणि फौजदारी कायद्यातील भेदाने. मजुराने काम सोडले तर फार तर करार मोडला. त्याबद्दल नुकसानभरपाई मागता येईल. पण काम सोडणे हाच गुन्हा ठरविला की मजूर आणि गुलाम यांतील अंतर पुसले जाते, हा त्यांचा युक्तिवाद होता. विधेयक संमत झाले; मात्र ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याच्या विरोधात जो एक दिवसाचा संप झाला त्यात, एरवी ज्यांच्याशी त्यांचे हाडवैर होते ते कम्युनिस्ट पुढारीही त्यांच्या बरोबर उभे होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद झाले. कायद्यावर टीका करणारा आता कायदा करणाऱ्याच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत त्यांनी चार वर्षे काढली आणि या अल्प काळात झालेले काम पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. सरकार, मालक आणि मजूर यांनी एका मेजाभोवती बसण्याची त्रिपक्षीय परिषद १९४२ मध्ये सुरू झाली. कोळसा खाणीतील मजुरांसाठी १९४४ मध्ये कल्याणनिधी उभारण्यात आला. प्रा. अडारकर यांच्याकडे आरोग्यविम्याची योजना सोपविण्यात आली. त्यांच्या अहवालातूनच १९४८ चा राज्य विमा कायदा उदयास आला. रेगे समितीने देशभरच्या मजुरांच्या स्थितीची पाहणी केली व तीत विडीच्या धंद्याचाही स्वतंत्र समावेश होता. १९४५ मध्ये कारखान्यातील मजुरांना पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यास रोजचे आठ तास. किमान वेतनाचे विधेयकही त्याच वर्षी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले. ते १९४८ मध्ये कायदा झाले.

या सर्वांत आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो मात्र एक रुक्ष वाटणारा कायदा: १९४६ चा औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा. शंभर वा अधिक मजूर असलेल्या आस्थापनेने कामाच्या वेळा, रजा, गैरवर्तन म्हणजे काय, कामावरून काढावयाचे कसे, हे सारे लिहून काढावे, अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावे, आणि बहुसंख्य मजुरांना समजेल त्या भाषेत फाटकाजवळ लावावे, असे तो सांगत असे. नोकरी म्हणजे मालकाची कृपा, ही कल्पना त्या एका फलकाने मोडली. मुकादमाच्या तोंडचा हुकूम आणि भिंतीवरचा नियम यांत जो फरक असतो, तो जन्मभर तोंडी हुकमांखाली वावरलेल्या समाजातून आलेल्या माणसाखेरीज अधिक कोणास ठाऊक असणार?

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याचे अपयश झाकण्याची आपल्याकडे रीत आहे. ती बाबासाहेबांना मानवली नसती. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा, म्हणजे १९४३ मध्ये, स्त्रियांना खाणीत भूगर्भात उतरविण्यावरील बंदी सरकारने उठविली. तिचे समर्थन विधिमंडळात मजूरखात्याचे सभासद म्हणून त्यांनाच करावे लागले. समान कामास समान मजुरी देऊ केल्याचे त्यांनी सांगितले. तरी हा निर्णय मजूरहिताचा होता असे म्हणता येत नाही. ती बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. मालकांनी संघटनांना मान्यता द्यावी यासाठी १९४३ मध्ये आणलेल्या विधेयकाचेही तसेच. त्याचा कायदा १९४७ मध्ये झाला, पण तो अमलात कधीच आला नाही. सत्तेच्या खुर्चीत बसूनही सर्वच दारे उघडत नाहीत, याचा हा पुरावा होय.

घटना समितीत मजुरांचे अशीलपत्र त्यांनी अधिक व्यापक केले. घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी घातली. ४३ व्या अनुच्छेदात जीवनमानाला पुरेल अशा वेतनाचे उद्दिष्ट सांगताना शेती, उद्योग वा अन्य कोणत्याही क्षेत्रातील कामगार असा स्पष्ट उल्लेख आला. म्हणजे चिमणीचा धूर जेथे दिसत नाही तेथील श्रमिकही त्यात आला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टातही विडीचा धंदा होता, आणि शेतमजुरीही होती.

येथे आपण पुन्हा पूर्व विदर्भाकडे येतो. चिचगड ही तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील एक जुनी जमीनदारी. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने असे हक्क पुढल्या वर्षी संपुष्टात आले. वेठीवर चालणाऱ्या व्यवस्थेचा कायदेशीर आधार गेला. मे १९५४ मध्ये याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी प्रचार केला, आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून ते पराभूत झाले. मजुरांसाठी एवढे कायदे करणाऱ्या पुरुषाला विडी कामगारांच्या मुलखाने संसदेत पाठविले नाही, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विडी कामगाराचा खटला मात्र त्यांच्यामागे चालूच राहिला. मध्य प्रांताने १९३७ मध्येच विडी, लाख आणि कातडी कमावणे या धंद्यांसाठी अनियंत्रित कारखान्यांचा कायदा केला होता. पण कायदा कारखान्याला लागू होतो असे दिसताच कारखाना मोडून काम घरोघर वाटून देण्याची, मध्ये सट्टेदार उभा करण्याची युक्ती मालकांना सापडली. विडी वळणारा कामगार ठरतो की नाही, हाच मग न्यायालयापुढील प्रश्न होऊन बसला. नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कामगार ठरविला. पुढल्याच वर्षी महाराष्ट्रातील दुसऱ्या प्रकरणात बहुमताने उलट निर्णय दिला. हा घोळ मिटविण्यासाठी संसदेने १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा केला. घरी बसून विडी वळणारी स्त्रीही नोकरदारच होय, असे त्याने सांगितले आणि नाकारलेल्या विड्यांचा वाद सोडविण्याची वाट दिली. मालकांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरविला. पाने खुडणाऱ्याच्या वाट्याला न्याय आला तो आणखी उशिरा. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपानाला गौण वनोपज म्हणून नाव घेऊन स्थान दिले, आणि त्यानंतर गोंदिया व गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी पानांचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला.

आज हे सारे पुन्हा आठविण्यास कारण आहे. केंद्राचे २९ मजूर कायदे चार संहितांत एकत्र करण्यात आले असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. १९४६ चा स्थायी आदेश कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९६६ चा विडी कायदा, हे सारे त्यांत विलीन झाले. या संहितांत चांगले काही नाही असे आम्ही म्हणणार नाही. किमान वेतन आता सर्व कामगारांना लागू होते, नेमणुकीचे पत्र देणे बंधनकारक झाले, या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण स्थायी आदेशांसाठी लागणारी मजुरांची संख्या शंभरावरून तीनशेवर गेली, आणि वीज वापरणारा कारखाना म्हणण्यास दहाऐवजी वीस मजूर लागू लागले. कुंपण हलले की काही माणसे आत येतात तशी काही बाहेरही राहतात. बाहेर राहणारे कोण, हे विचारणे हे जाणत्या नागरिकाचे कर्तव्य होय.

बाबासाहेबांनी आयुष्यभर केलेल्या वकिलीचा निष्कर्ष एवढाच आहे की मजुराचा हक्क लिहिलेला असावा, त्याला वाचता येईल असा असावा, आणि तो मिळाला नाही तर दाद मागण्यास दार असावे. यांपैकी पहिली गोष्ट संसदेने केली. उरलेल्या दोन राज्य सरकार, निरीक्षक, न्यायालये आणि कामगार संघटना यांच्या हाती आहेत. पुतळ्यांना हार घालण्याचे काम आपण चोख करतो. फळीवर पुडे मोजले जातात तेव्हा दर कोणत्या कागदावर लिहिला आहे, आणि ओसरीवर विड्या नाकारल्या जातात तेव्हा त्या बाईने कोणाकडे जावे, या दोन प्रश्नांची उत्तरे जोवर त्या माणसांच्याच भाषेत मिळत नाहीत, तोवर या बॅरिस्टराने घेतलेले वकीलपत्र निकाली निघालेले नाही.